डोंगराच्या सावलीतला रेडिओ



लावणी परवा आटपली. पाय अजून चिखलाने पांढरे फटक पडलेत, कंबर बोलतेय, आणि बाहेर पाऊस असा धरलाय की बांधावर जायची सोय नाही. म्हणून पडवीत बसून ही नोंद लिहितोय. आजची नोंद भाताची नाही, रेडिओची आहे.

घरामागे शेताच्या उंच बांधावर एक लोखंडी पाइप उभा आहे आणि त्यावर आडव्या तीन नळ्या आहेत. येणारा-जाणारा प्रत्येक जण विचारतो, "दादा, अजून दूरदर्शन बघता काय?" खताच्या दुकानातला पोरगा तर म्हणाला, "काका, डिश लावा आता." तर बाबांनो, ते टीव्हीचं नाही. ते एफएम रेडिओचं एरियल आहे. आणि ते तिथं का उभं राहिलं, त्याची ही गोष्ट. ज्यांचं घर आमच्यासारखं डोंगराच्या कुशीत आहे, त्यांच्या कामाची आहे.

आधी जागा सांगतो. बदलापूर आणि वांगणीच्या मधला आमचा पट्टा. पूर्वेला उल्हास नदी, मध्ये रेल्वे, पश्चिमेला चंदेरी. तिच्या उत्तरेला ताहुली आणि पुढे मलंगगड. मुंबईहून आलेला ट्रेकवाला म्हणतो, काय भारी जागा आहे! आहेच. पण मुंबई आमच्या पश्चिमेला, थोडी दक्षिणेकडे कललेली, सरळ रेषेत पन्नासेक किलोमीटर. आणि त्या रेषेत बरोब्बर ही डोंगरांची भिंत उभी. सूर्य आमच्याकडे मावळतो तो घड्याळाच्या आधीच. रेडिओचंही तसंच.

आमच्या घरात रेडिओ म्हणजे बाबा. वय आता ऐंशीच्या पुढं. काचबिंदूने दोन्ही डोळ्यांची नजर हळूहळू गेली. टीव्ही त्यांच्या काही कामाचा नाही, मोबाईल तर नाहीच. सकाळची शेतीची माहिती, बातम्या, दुपारी विविध भारती, हाच त्यांचा दिवस. पूर्वी घरात चामड्याच्या कव्हरातला जुना मोठा सेट होता, त्यावर मुंबईची अस्मिता वाहिनी लागायची, मीडियम वेव्हवर, ५५८ किलोहर्ट्झ. डोंगर असो नसो, ती दिवसभर यायची.

मग गावात एलईडी बल्ब आले, मोबाईलचे स्वस्त चार्जर आले, इन्व्हर्टर आले. मीडियम वेव्हवर सगळीकडून नुसती घरघर. बल्ब लावला की रेडिओ गुरगुरणार. बाबा वैतागले. म्हणून मी तो सेट माळ्यावर टाकला आणि बाजारातून एक छोटा एफएमवाला स्पीकर आणला. पेन ड्राइव्ह चालतो, ब्लूटूथ चालतं, लाल-निळे दिवे लागतात. एफएम मात्र घरात धड येत नव्हतं. पडवीच्या एका कोपऱ्यात, खांबाला टेकवून ठेवला तर विविध भारती खरखरत लागायची. बाबा म्हणायचे, "कोण पकोडे तळतंय काय आत?" आम्ही हसायचो. चालवून घ्यायचो.

हे चालवून घेणं महागात पडलं २०१९ साली.

२६ जुलैची रात्र. पाऊस दिवसभर होताच, रात्री त्याने जोर धरला. लाईट गेली. थोड्या वेळाने मोबाईलची रेंजही गेली. टॉवरची बॅटरी संपली असणार. बाबा अंथरुणावर उठून बसले, म्हणाले, "रेडिओ लाव. कर्जतला काय पाऊस आहे बघ."

हे वाक्य नदीकाठच्या माणसालाच कळेल. उल्हास नदी उगम पावते तिकडे लोणावळा-खंडाळ्याच्या डोंगरात. कर्जत, नेरळ करत आमच्याकडे येते. आमच्या डोक्यावर पडलेला पाऊस आम्हाला दिसतो, पण आमचा पूर ठरतो तो वर पडलेल्या पावसाने. तिकडचं कळलं तर आपल्याला काही तास मिळतात. जनावरं सोडायला, मोटार काढायला, तांदळाची पोती माळ्यावर चढवायला तेवढे तास पुरतात.

मी स्पीकर घेऊन पडवीत उभा. खांबाला टेकवला, उलटा केला, हातात उंच धरला. नुसती खरखर. मधूनच एखादा शब्द, मग परत खरखर. बाबा आतून विचारताहेत, "काय म्हणतात?" आणि मी म्हणतोय, "काय नाय, लागत नाय."

पहाटे नदी शेतात होती. जनावरं कशीबशी सोडली, ती वाचली. नदीकाठची मोटार, स्टार्टर, पाइप सगळं गेलं. लावलेलं भात गाळाखाली. दुपारनंतर कधीतरी फोनला रेंज आली आणि पहिला फोन आला तो नाशिकच्या मावसभावाचा. "अरे, तुमच्याकडे महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात अडकलीय, टीव्हीवर दाखवतायत, तुम्ही बरे आहात ना?" मुंबईहून कोल्हापूरला निघालेली गाडी, हजाराच्या आसपास माणसं, बदलापूर-वांगणीच्या मधे पाण्यात उभी. एनडीआरएफच्या बोटी, हेलिकॉप्टर, आजूबाजूच्या गावची माणसं मदतीला. साऱ्या देशाला दिसत होतं. आणि आम्ही शेजारी असून आम्हाला काही पत्ता नव्हता.

आणखी एक गोष्ट मला नंतर सुचली आणि ती जास्त लागली. त्या रात्री लाईट गेलेली होती. म्हणजे गावातले सगळे एलईडी, चार्जर, इन्व्हर्टर बंद किंवा बंद पडत आलेले. घरघर करायला कोणी नव्हतं. माळ्यावरचा जुना सेट त्या रात्री लागला असता. पण मी तो सेल न काढताच वर टाकला होता. चार दिवसांनी खाली काढला तर सेल फुटून आतल्या पट्ट्या हिरव्या पडलेल्या. चूक दुसऱ्या कुणाची नाही. माझी.

असो. पाणी ओसरल्यावर ठरवलं, पुढच्या पावसाळ्याआधी रेडिओ नीट करायचाच.

पहिल्यांदा सगळे करतात तेच मी केलं, नवीन रेडिओ आणला. जास्त बँडचा, जास्त बटणांचा. घरात लावला, तीच खरखर. मग कुणीतरी सांगितलं, बूस्टर लाव. तोही आणला, रेडिओच्या मागे जोडला. खरखर मोठ्या आवाजात ऐकू यायला लागली.

तेव्हा उल्हासनगरला गेलो. आमच्या भागातल्या माणसाला काहीही दुरुस्त करायचं, कशाचाही सुटा भाग हवा, तर उल्हासनगर. दुसऱ्या महायुद्धात तिथं लष्कराची छावणी होती, फाळणीनंतर सिंधमधून आलेली माणसं त्याच बराकींत राहिली आणि त्यांनी शून्यातून बाजार उभा केला. अजून पत्ता सांगताना कॅम्प नंबर सांगतात. तिथं एका गल्लीत एक म्हातारे काका रेडिओ, टेप, गाडीचे डेक दुरुस्त करतात. नाव लिहीत नाही, त्यांना आवडणार नाही. मी माझा नवा रेडिओ आणि बूस्टर त्यांच्यापुढे ठेवला. घर कुठं, विचारलं. मी सांगितलं, चंदेरीच्या पायथ्याकडे. त्यांनी रेडिओ उघडलासुद्धा नाही. म्हणाले, "भाऊ, कुएँ में पानी नहीं है, और तुम मोटर बदल रहे हो."

मला हे एका झटक्यात समजलं. शेतकऱ्याला समजणारच. विहीर कोरडी असेल तर पाच एचपी काय, दहा एचपीची मोटार लावली तरी गाळच वर येणार. बूस्टर म्हणजे मोठी मोटार. पाणी म्हणजे हवेतली लहर. आधी ती पकडायला हवी, म्हणजे एरियल. रेडिओ नंतर.

त्या दिवशी काकांनी मला स्टुलावर बसवून अर्धा तास शाळा घेतली. जे कळलं ते माझ्या भाषेत सांगतो.

रेडिओची लहर लांब असते किंवा आखूड असते. अस्मिताची ५५८ किलोहर्ट्झची लहर अर्ध्या किलोमीटरहून जास्त लांब. ती जमिनीला धरून चालते, डोंगर तिला आपल्या शेतातल्या बांधासारखा. चढते आणि पुढं जाते. एफएमचा पट्टा ८८ ते १०८ मेगाहर्ट्झचा. तिथली लहर तीन मीटरच्या आसपास, म्हणजे बैलगाडीएवढी. ती उन्हासारखी सरळ जाते. डोंगर आला की मागे सावली. पण सावली म्हणजे अगदी काळोख नव्हे. डोंगराच्या कडेवरून थोडी लहर खाली वाकते, समोरच्या डोंगरावर आपटून थोडी परत येते. जसं सूर्य मावळल्यावरही अंगणात थोडा वेळ दिसतं, तसं. तो उरलेला उजेड गोळा करायचा.

त्यासाठी तीन गोष्टी. एरियल उंच हवं. डोंगराच्या पायथ्यापासून जितकं लांब नेता येईल तितकं न्यावं, कारण भिंतीला चिकटून सावली सगळ्यात दाट असते. आणि त्याची लांबी लहरीच्या मापाची हवी.

आता अंबरनाथचं सांगतो, म्हणजे फरक कळेल. माझी बहीण तिथं स्टेशनच्या पूर्वेला तिसऱ्या मजल्यावर राहते. तोच रेडिओ तिच्या खिडकीत ठेवला, दांडी ओढली, सगळी केंद्रं खणखणीत. मधल्या खोलीत नेला की खरखर. कारण सिमेंटच्या भिंतीतल्या सळ्या. म्हणजे तिचा रोग वेगळा, औषध वेगळं. तिच्यासाठी मी फक्त वायरीचं एरियल केलं. साधी दोन पदरी वायर घेतली, एका टोकाकडून सत्तर सेंटीमीटर उसवली, दोन्ही पदर टीसारखे दोन बाजूंना ताणून खिडकीच्या लाकडी चौकटीला खिळवले, उरलेली वायर आत रेडिओपर्यंत. तिच्या रेडिओला एरियलची खाच नाही, म्हणून एक पदर दांडीला चिमट्याने लावला आणि दुसरा सेलच्या निगेटिव्ह पट्टीला. खर्च पन्नास रुपयांच्या आत. तिचे भाऊजी अजून त्यावर मॅच ऐकतात. शहरात, इमारतीत राहणाऱ्यांना बहुतेक वेळा एवढंच पुरतं. पैसे घालवायची गरज नाही.

सत्तर सेंटीमीटरच का? हिशोब सोपा आहे. १४३ ला केंद्राच्या मेगाहर्ट्झने भागायचं, एरियलची पूर्ण लांबी मीटरमध्ये मिळते. मुंबईची विविध भारती १०२.८ वर. भागाकार येतो १.३९ मीटर. त्याचे दोन अर्धे, प्रत्येकी सत्तर सेंटीमीटरला जरा कमी. एफएम गोल्ड १००.७ वर, रेनबो १०७.१ वर, दोन-चार सेंटीमीटरचा फरक. मधलं माप धरलं की सगळ्यांना चालतं.

आमच्या घरी मात्र खिडकीतल्या वायरीने भागणार नव्हतं. शिवाय आम्ही कौलं काढून पत्रे टाकलेत. पत्र्याखाली रेडिओ म्हणजे डब्यात घातलेला रेडिओ. एरियल बाहेरच जायला हवं होतं.

गोठ्याच्या मागं जुनं दूरदर्शनचं एरियल पडलं होतं. रामायण-महाभारताच्या काळातलं. त्यावर आता कोंबड्या बसायच्या. त्याच्या नळ्या मापल्या तर सगळ्या दोन मीटरच्या वर, म्हणजे एफएमसाठी फार लांब. कापणं सोपं, वाढवणं अवघड, म्हणून मला आनंदच झाला. काकांनी कागदावर तीन मापं लिहून दिली होती. मागची नळी १.४६ मीटर, मधली १.३९, पुढची १.२९. मागची आणि मधली यांच्यात ५८ सेंटीमीटर अंतर, मधली आणि पुढची यांच्यात ५०. मागची नळी आरशासारखं काम करते, पुढची वाट दाखवते. लहर पकडते ती मधली.

मधली नळी साधी नाही ठेवायची, दुपदरी करायची. जुन्या एरियलची वाकवलेली नळी कापून उपयोग नव्हता, म्हणून अर्थिंगची जाड तांब्याची तार घेऊन लांबट कडं केलं, खालच्या पदराला मध्ये दोन बोटं फट ठेवली. फटीच्या दोन टोकांना जुन्या एरियलवरचीच ती छोटी प्लास्टिकची डबी लावली. त्या डबीत एक पिटुकला ट्रान्सफॉर्मर असतो, तो एरियलचा ३०० ओम आणि केबलचा ७५ ओम यांचं लग्न लावतो. पुढं केबलवाल्याची नेहमीची काळी जाड वायर, आरजी-६. सगळं मिळून खर्च झाला तो वायरीचाच.

मग फिरवायचा कार्यक्रम. ज्यांनी टीव्हीच्या काळात हे केलंय त्यांना सांगायला नको. मी बांधावर पाइप धरून, पोरगा पडवीत रेडिओपाशी, मध्ये ओरडायला बायको. "आलं का?" "आलं!" "आता?" "गेलं!" "अगं नीट सांग!" बाबा खाटेवर बसून हसत होते. म्हणाले, "तुझ्या लग्नाच्या साली पण असाच ओरडत होतास, मॅचला."

मी आधी एरियलचं तोंड सरळ मुंबईकडे केलं, म्हणजे चंदेरीच्या अंगावर. आलं, पण अर्धवट. थोडं थोडं उजवीकडे, उत्तरेकडे वळवत गेलो. आणि मलंगगडाच्याही पलीकडे, अंबरनाथ-कल्याणच्या बाजूला जिथं डोंगर संपून दरी उघडते, तिकडे तोंड झाल्यावर खरखर अशी थांबली जशी कुणी चूल विझवली. म्हणजे आमच्याकडे लहर डोंगरावरून नाही, डोंगराच्या टोकाला वळसा घालून येते. हे कुठल्याही नकाशावर कळलं नसतं. फिरवूनच कळलं. म्हणून सांगतो, केंद्र कुठं आहे ते बघून पाइप घट्ट करू नका. अर्धा तास द्या, चारी दिशांना फिरवा. समोरच्या डोंगरावरून परतलेली लहरही कधी कधी जास्त चांगली निघते. नळ्या आडव्या ठेवून बघा, उभ्या करून बघा. काही केंद्रांची लहर आडवी, काहींची उभी, काहींची दोन्ही.

एवढं झालं तो एप्रिल होता, २०२०. टाळेबंदी. भेंडी शेतात पडून, मार्केट बंद, पण रेडिओ खणखणीत. बाबा खूश. मला वाटलं जिंकलो.

जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात सगळं बंद.

दोन दिवस शोधत होतो. शेवटी बांधावर चढून डबी उघडली तर आत पाणी. केबलच्या जोडावर मी साधी काळी टेप गुंडाळली होती, उन्हाने ती सुटली, आणि पाणी केबलच्या आत जाळीतून खाली उतरत गेलेलं. वितभर कापलं तरी आत हिरवं. सगळी केबल बदलावी लागली. तेव्हापासून जोडावर रबरी टेप, त्यावर काळी टेप, त्यावर ग्रीस, आणि डबीच्या खाली केबलला एक वेटोळं, म्हणजे पाणी त्या वेटोळ्यावरून ठिबकून जातं, आत शिरत नाही. कोकणात एरियल लावणाऱ्याने ही गोष्ट पहिली शिकावी. मी शेवटी शिकलो.

आणि बूस्टरचं. तो टाकून दिला नव्हता. बांध ते घर साठ मीटर केबल आहे. एवढ्या लांबीत निम्म्याहून जास्त ताकद वाटेतच जिरते, पाटाच्या पाण्यासारखी. म्हणून बूस्टर लावायचाच असेल तर तो वर, एरियलच्या बुडाशी लावायचा, पाटाच्या सुरुवातीला. घरात, रेडिओच्या पाठीशी लावला तर जिरून उरलेलं आणि मधला कचरा दोन्ही मोठं होतं. पहिल्यांदा माझी चूक हीच झाली होती. अंबरनाथ-उल्हासनगरसारख्या ठिकाणी, जिथं केंद्रं आधीच जोरात येतात, तिथं बूस्टर लावूच नका. उलट केंद्रं एकमेकांत घुसतात.

आता रेडिओचं, म्हणजे ट्यूनरचं. विहिरीला पाणी लागल्यावर मोटारीचा विचार करायला हरकत नाही. मी परत काकांकडे गेलो. त्यांनी गाडीतून काढलेला एक जुना कार डेक दिला. सहाशे रुपये. म्हणाले, गाडीचा ट्यूनर घाटात, पुलाखाली, चालत्या गाडीत केंद्र धरून ठेवायला बनवलेला असतो, घरच्या स्वस्त सेटपेक्षा त्याची पकड चांगली. आणि ते खरं आहे. लोखंडी डब्यात असल्यामुळे आजूबाजूची घरघर आत शिरत नाही. एरियलला बाहेरून खाच असते. शेजारचं जोरदार केंद्र कमजोर केंद्राच्या अंगावर चढत नाही. आणि शेतकऱ्याच्या दृष्टीने मोठी गोष्ट म्हणजे तो १२ व्होल्टवर चालतो. माझ्याकडे फवारणी पंपाची बॅटरी आहे, छोटं सोलर आहे. लाईट गेली तरी रेडिओ जात नाही.

त्यावर एक बटण असतं, मोनोचं. केंद्र कमजोर असेल तर ते दाबा. एफएमचा स्टीरिओ आवाज कमजोर लहरीत फार खरखरतो, मोनो केला की निम्मी कटकट संपते. बाबांना एकच स्पीकर लागतो, त्यांना स्टीरिओचं काय. लोकल आणि डीएक्स असं बटण असेल तर आमच्यासारख्यांनी डीएक्सवर ठेवावं.

तर हे सगळं झाल्यावर परीक्षा आली २०२१ च्या जुलैत. २१ तारखेची रात्र, तोच पाऊस, तोच आवाज पत्र्यावर. लाईट गेली. मी डेकला बॅटरी जोडली. बातम्यांत कोकणात आणि घाटमाथ्यावर जोराच्या पावसाचं सांगत होते. बाबांनी ऐकलं आणि म्हणाले, "मोटार काढ. आत्ता." खरं सांगायचं तर फोनही तेव्हा चालू होता, वरच्या गावच्या पाहुण्याचाही फोन आला. म्हणजे सगळं श्रेय रेडिओला देणार नाही. पण फोन आला तो अकराच्या पुढे. तोवर मोटार पडवीत होती आणि जनावरं वरच्या गोठ्यात. सकाळी नदी परत शेतात आली होती. भात गेलं काही. पण या वेळी ती झोपेत असताना आली नाही.

मोबाईलवर ॲपमध्ये सगळा रेडिओ ऐकता येतो, हे मला माहीत आहे. पोरगा ऐकतो. पण ज्या रात्री त्याची खरी गरज असते, त्या रात्री सगळ्यात आधी इंटरनेट जातं. आणि बाबांसारख्या माणसाला स्क्रीन नको, एक गोल बटण हवं, जे बोटाला कळतं. डेकच्या आवाजाच्या बटणाला मी दोऱ्याची गाठ बांधून दिलीय.

जुन्या सेटचंही सांगतो. काकांनी त्याच्या पट्ट्या घासून, बदलून दिल्या. तो आता खिळ्याला टांगलेला आहे, सेल बाहेर काढून बाजूला डबीत. लाईट गेली, घरघर थांबली की तो घ्यायचा. एका विहिरीवर सगळं शेत ठेवू नये.

शेवटी एक गोष्ट हात जोडून सांगतो. एरियलचा पाइप विजेच्या तारेजवळ कधीही उभा करू नका. पाइप पडला तर ज्या बाजूला पडेल तिथवर तार नको. पाइपाला जाड तारेने जमिनीत चांगलं अर्थिंग द्या. आणि जूनच्या सुरुवातीला, परतीच्या पावसात ढग गडगडायला लागले की केबल रेडिओतून काढून घराबाहेर टाकून द्या, आणि बांधावर जाऊ नका. अर्थिंग असलं तरी थेट पडलेली वीज कशालाच जुमानत नाही. आमच्याकडे ढग वाजला की बाबाच ओरडतात, "वायर काढ रे!" पुराच्या पावसात सहसा गडगडाट नसतो, तेव्हा रेडिओ चालतो. गडगडाटात मात्र तो जुना टांगलेला सेटच बरा.

सगळी केंद्रं अजून येत नाहीत. दोन खाजगी केंद्रं येतात-जातात, पोराची कुरकुर असते. विविध भारती, गोल्ड, रेनबो चोख. आमचं काम भागतं.

मागे बाबांना विचारलं, आता कसं येतंय? म्हणाले, "चांगलं येतंय. पण खरखर होती तेव्हा झोप लागायची. आता सगळं कळतं, मग जागाच राहतो."

तर मंडळी, कुणाच्या गोठ्यामागे जुन्या टीव्हीचं एरियल पडलं असेल तर भंगारवाल्याला देऊ नका. नळ्या मापा, कापा, उभं करा. अडलं तर या, चहा घेऊ, बांधावर दाखवतो. पाऊस थोडा उघडलाय. खाचरात पाणी किती चढलं बघून येतो.